पैशाचे प्रायश्चित्त



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा मला आनंद झाला तसा संकोचही वाटला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान उभे राहिले आहेत. माझे शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते ओतकामाच्या कारखान्यात पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटातील पुस्तकांतून आणि कोर्टाच्या निकालपत्रांतून. म्हणून आपण माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. परंतु पैशाविषयी बोलायला पदवी लागतेच असे नाही. महिनाअखेरीस रुपया कसा पुरवावा लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो कोठून येतो आणि कोठे जातो हे विचारण्याचा अधिकार आहेच.

आजचा प्रश्न असा आहे. कोणी नफा कमावला. तो कमावताना कोणाची विहीर नासली, कोणाच्या भातशेतीत गाळ साचला, कोणाच्या छातीत धूळ गेली. आता तो पैसा, किंवा त्याचा काही भाग, चांगल्या कामी गुंतवून झालेल्या नुकसानीची भरपाई करता येईल काय? आणि येत असेल तर कोणत्या अटींवर? हल्ली ‘नैतिक गुंतवणूक’, ‘हरित रोखे’, ‘जबाबदार भांडवल’ असे शब्द वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळतात. शब्द चांगले आहेत. पण युनियनमध्ये आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत, की करारातला शब्द कितीही गोड असला तरी त्याखालचे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. आज आपण ती कलमे वाचू या.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दान वेगळे आणि देणे वेगळे. आपल्या जुन्या स्मृतिकारांनीही सांगून ठेवले आहे, की चोराने प्रायश्चित्त घ्यायचे तर आधी चोरलेली वस्तू धन्याला परत करावी. वस्तू घरात ठेवून नदीवर स्नान केल्याने पाप जात नाही. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यातून शाळांच्या खोल्या झाल्या, रुग्णवाहिका आल्या, काही गावांत पाणी आले; त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु तो कायदा नफ्याचे दोन टक्के कोठे खर्च केलेत एवढेच विचारतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवलेत हे विचारत नाही. ज्या नाल्यात रसायन सोडले त्या नाल्याशेजारीच शाळेला संगणक भेट दिले, तर कायद्याचे ते कलम पाळले गेले. नाल्याचे देणे मात्र तसेच राहिले.

देणे कसे असते हे पाहायचे असेल तर राजस्थानातील बिछडी या गावाकडे चला. उदयपूर जिल्ह्यातले हे गाव. १९८८ च्या सुमारास तेथे काही रसायन कारखान्यांनी ‘एच ॲसिड’ नावाचा पदार्थ तयार केला. हा पदार्थ कापडाच्या रंगासाठी लागतो. तो फार दिवस तयार झालाही नाही. पण त्याचा सुमारे २४०० टन विषारी गाळ मागे राहिला, तो उघड्यावर पडला आणि पावसाबरोबर जमिनीत उतरला. विहिरींचे पाणी काळसर-तांबूस झाले. ते ना माणसाच्या उपयोगाचे राहिले, ना गुराच्या, ना पिकाच्या. गावकरी संतापले. १९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसला पाहिजे. त्याने काळजी घेतली होती की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

पण निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे, हे कामगारांना मी सांगायला नको. अर्जावर अर्ज झाले, तपासण्या-फेरतपासण्या झाल्या, आणि पंधरा वर्षे गेली. अखेर जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये द्या, आणि ४ नोव्हेंबर १९९७ पासून त्यावर दरसाल बारा टक्क्यांनी चक्रवाढ व्याजही द्या. मंडळी, चक्रवाढ व्याज हा शब्द आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या तोंडून ऐकला आहे. येथे तो गावाच्या विहिरीच्या बाजूने वापरला गेला. न्यायालयाचा विचार साधा होता. तुम्ही पंधरा वर्षे जो पैसा दिला नाही, तो तुमच्या धंद्यात फिरत होता आणि वाढत होता. ती वाढ तुमची नव्हे. पैसा गुंतवल्याने वाढतो हे जर खरे असेल, तर थकवलेले देणेही त्याच वेगाने वाढले पाहिजे.

या एका प्रकरणातून एक मोठा धडा मिळतो. नासलेली विहीर साफ करणे हा खर्च आहे, त्याला गुंतवणूक म्हणता येत नाही. त्यातून व्याज सुटत नाही, लाभांश मिळत नाही. हल्ली काही हुशार मंडळी सांगतात, की सगळ्याच नुकसानीची भरपाई फायदेशीर गुंतवणुकीतून होऊ शकते. पैसाही वाढेल आणि पुण्यही लागेल. हे सर्वस्वी खरे नाही. म्हणून मी आपल्यापुढे तीन थैल्या मांडतो. पहिली थैली भरपाईची: ती ज्याने नुकसान केले त्याच्या खिशातून, रोख, परतीची अपेक्षा न ठेवता. दुसरी थैली ठेवीची: जी संपत्ती एकदा काढली की पुन्हा येत नाही, तिच्या बदल्यात पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवायची. तिसरी थैली आपल्या बचतीची: तुमचा-माझा प्रॉव्हिडंट फंड, विमा, बँकेतली ठेव. या तीन थैल्यांची सरमिसळ झाली की हिशेबात घोटाळा होतो, आणि घोटाळ्याची तूट नेहमी गरिबाच्या खात्यावर पडते.

दुसऱ्या थैलीचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे, गोव्याचे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून पोर्तुगीज अमलापासून लोहखनिज निघत आले. खनिजाच्या एका टनासाठी अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागतात. ती माती ढिगाऱ्यांनी रचली गेली, पावसात वाहून ओढ्यांत आणि शेतांत आली. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तसतशा आसपासच्या विहिरी आटल्या. टिप्परांच्या रांगांमुळे रस्त्याकडेची घरे लाल धुळीने भरली. खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगावला, आणि तेथून जहाजाने जपानला व चीनला गेले. २०१०-११ साली ही निर्यात पाच कोटी टनांच्या वर पोचली होती. शहा आयोगाचा अहवाल आल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरले. पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली. आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के ‘गोवा लोहखनिज कायम निधी’त टाकावे असे सांगितले गेले.

हा कायम निधी कशासाठी? न्यायालयाच्या मनात जे तत्त्व होते ते आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कितीही वाईट साल आले तरी कणगीतले बियाणे खाऊ नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. जमिनीखालचे लोहखनिज हे पीक नव्हे. ते एकदाच निघते. ते विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून खाल्ला, तर आपण बियाणेच खाल्ले. तो बाजूला ठेवून त्याचे व्याज तेवढे वापरले, तर आजोबांच्या वाट्याचा डोंगर नातवाला निदान पैशाच्या रूपाने मिळतो. गोव्यात ‘गोंयची माती’ नावाची चळवळ झाली. तिचे म्हणणे असे, की दहा टक्के पुरेसे नाहीत. खोदण्याचा रास्त खर्च आणि रास्त नफा वजा जाता खनिजाची सगळी किंमत कायम निधीत पडली पाहिजे, कारण डोंगर मालकाचा नव्हे, सर्व लोकांचा आहे आणि सरकार त्याचे केवळ विश्वस्त आहे. हिशेबाच्या दृष्टीने मला हे म्हणणे बिनतोड वाटते. घर विकले आणि दहा टक्के बँकेत टाकून नव्वद टक्क्यांचे जेवण घातले, तर त्या गृहस्थाला आपण काटकसरी म्हणणार नाही.

परंतु मी कामगारांचा माणूस आहे, म्हणून याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. दोन्ही वेळा टिप्पर उभे राहिले, बार्ज नांगरले गेले, वर्कशॉप आणि चहाच्या टपऱ्या बंद पडल्या. टिप्पर बँकेच्या कर्जावर घेतलेला होता. चाक थांबले तरी हप्ता थांबत नाही. नुकसानीच्या धंद्यात ज्याने मजुरी केली, त्याने नुकसानीचा नफा खाल्लेला नसतो. म्हणून प्रायश्चित्ताचा पहिला फटका त्याला बसता कामा नये. पर्यावरणवाद्यांना माझे नम्र सांगणे आहे, की भरपाईच्या यादीत विहीर आणि शेत यांच्याबरोबर ड्रायव्हर आणि खलाशी यांचेही नाव घाला. ते घातले नाहीत, तर मालकाला फार कष्ट पडणार नाहीत. तो कामगारांनाच तुमच्याविरुद्ध मोर्चात उभे करील.

ठेवीची थैली कशी सांभाळावी हे पाहायचे तर नॉर्वेचे उदाहरण देतात. १९६९ साली त्या देशाच्या समुद्रात मोठे तेल सापडले. १९९० साली त्यांनी कायदा करून तेलनिधी स्थापला, १९९६ साली पहिली रक्कम भरली, आणि निधीच्या अपेक्षित उत्पन्नाएवढीच रक्कम दरसाल वापरायची असा दंडक घातला. आधी तो चार टक्के धरला, २०१७ पासून तीन. आज जगातील नोंदलेल्या कंपन्यांच्या शेअरांपैकी सुमारे दीड टक्का एवढा वाटा त्या एका निधीकडे आहे. २००४ साली त्यांनी नीतिनियम ठरवले आणि कोणत्या कंपनीत पैसा ठेवू नये याची शिफारस करण्यासाठी एक नीतिपरिषद नेमली. येथे एक विसंगती लपवून चालणार नाही. ज्या तेलाच्या धुराने जगाची हवा तापली, त्याच तेलाचा हा पैसा आहे. नॉर्वेचा निधी कोळशाच्या कंपन्यांना २०१६ साली वगळतो आणि नॉर्वेचा समुद्र तेल उपसत राहतो. तरीही त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे: कोणाला वगळले आणि का वगळले, हे त्यांनी कारणांसह छापून जगापुढे ठेवले. काळ्या यादीपेक्षा तिच्याखाली लिहिलेल्या कारणांची किंमत जास्त आहे.

या यादीचा आपल्या देशाशीही संबंध आला. २००७ साली या निधीने वेदांत कंपनीचे शेअर विकून टाकले. कारण दिले होते पर्यावरणाचे आणि मानवी हक्कांचे. त्याच वर्षी त्या कंपनीने गोव्यातील सेसा गोवा ही मोठी खाणकंपनी घेतली होती. २०१० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चर्चनेही वेदांतचे शेअर विकले. तेव्हा वाद पेटला होता ओडिशातील नियमगिरी डोंगराचा. तेथे बॉक्साइट आहे, आणि तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचे दैवत आहे. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाण व्हावी की नाही याबाबत ग्रामसभांना विचारा. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बारा पल्ल्यांत सभा झाल्या आणि बाराही सभांनी नकार दिला.

आता विचार करा: डोंगर वाचवला कोणी? शेअर विकणाऱ्यांनी की सभेत हात वर करणाऱ्यांनी? माझे उत्तर असे, की डोंगर त्या बारा पल्ल्यांनी वाचवला. परंतु शेअर विकणाऱ्यांनी त्यांचा आवाज लंडन आणि ऑस्लोपर्यंत पोचवला, तेही लहान काम नव्हे. अर्थशास्त्री विचारतात, की तुम्ही शेअर विकला तर दुसरा कोणी तो घेतोच, मग कंपनीचे काय बिघडले? हा प्रश्न आम्हाला ओळखीचा आहे. संपाच्या वेळी मालक हेच म्हणतो, की तू गेलास तर दारात दुसरा उभा आहे. एकट्याच्या संपाने खरोखरच काही होत नाही. शेअर विकणे हा पैशाचा संप आहे, आणि शेअर ठेवून भागधारकांच्या सभेत प्रश्न विचारणे ही पैशाची वाटाघाट आहे. कोणता मार्ग केव्हा धरावा, याचे जे नियम कारखान्यात लागू पडतात तेच येथेही पडतात. आधी मागणी लेखी असावी, मग वाटाघाट, मग मुदत, आणि मुदत टळली तर संप; तोही पुरेशा संख्येने. मागणी न मांडता केलेला संप आणि संपाची तयारी नसलेली वाटाघाट, दोन्ही वाया जातात.

संप कोणी पुकारायचा आणि कोणी मागे घ्यायचा, हाही प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध हिंदुस्थानने १९४६ सालीच व्यापार तोडला होता. पुढे चाळीस वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेने निर्बंधांचा कायदा केला आणि तेथील अनेक विद्यापीठांनी त्या देशाशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढला. त्याचा त्रास तेथील काळ्या कामगारांनाही होईल, असा आक्षेप तेव्हा फार घेतला जाई. पण हा बहिष्कार त्या लोकांच्या पुढाऱ्यांनीच मागितला होता, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर उभे राहून ‘आता निर्बंध उठवा’ असे सांगणारे नेल्सन मंडेलाच होते. ज्याला जखम झाली त्याच्या सांगण्यावरून पट्टी बांधली आणि त्याच्या सांगण्यावरून सोडली. भरपाईच्या प्रत्येक योजनेला मी हाच प्रश्न विचारतो: ज्यांचे नुकसान झाले त्यांना टेबलाभोवती खुर्ची आहे काय?

खुर्ची नसली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले भोपाळचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र सांगायला नको. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि ती गॅसपीडितांना विचारून झाली नव्हती. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने युनियन कार्बाइडचे हिंदी कंपनीतील ५०.९ टक्के शेअर विकले गेले आणि त्या पैशातून भोपाळला एक मोठे रुग्णालय उभे राहिले. शेअरचे रुग्णालय झाले. प्रायश्चित्ताचे याहून बोलके रूप कोणते? पण त्याच काळात बंद कारखान्याच्या आवारात विषारी कचरा पडून होता. त्यातील ३३७ टन कचरा तेथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. आणि हलवून नेला तो पीथमपूरला, जेथील लोकांनी तो आपल्या गावी नको म्हणून आंदोलन केले. आधी घाण काढा, मग इमारत बांधा, एवढी साधी गोष्ट कोणत्याही मोलकरणीने सांगितली असती.

दुसरे उदाहरण मुंबईच्या गिरणगावचे. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरवले, की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. जमिनीचा पैसा गिरणी सुधारण्यात आणि कामगारांची देणी भागवण्यात जावा अशीही योजना होती. कागदावर ही नैतिक गुंतवणूकच होती. जमिनीचे मोल ज्यांच्या घामाने वाढले त्यांच्याकडे ते परतणार होते. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची ठरली, आणि गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. आज तेथे टॉवर आणि मॉल आहेत, आणि घरासाठी अर्ज केलेले लाखाहून अधिक गिरणी कामगार व त्यांचे वारस सोडतीकडे डोळे लावून म्हातारे झाले. नियम कितीही चांगला असला, तरी तो बदलला जाताना खोलीत कोण होते, यावर त्याचे भवितव्य ठरते.

जुन्या पापाचा पैसा किती जुना असू शकतो, याचेही एक अलीकडचे उदाहरण आहे. इंग्लंडच्या चर्चच्या निधीची पाळेमुळे शोधली तेव्हा आढळले, की १७०४ साली स्थापन झालेल्या एका जुन्या निधीचा पैसा साउथ सी कंपनीत गुंतवलेला होता, आणि ती कंपनी गुलामांचा व्यापार करीत होती. जानेवारी २०२३ मध्ये चर्चच्या विश्वस्तांनी जाहीर केले, की नऊ वर्षांत दहा कोटी पौंड बाजूला काढून गुलामगिरीने ज्यांची हानी झाली त्या समाजांसाठी गुंतवू. पुढच्या वर्षी त्यांनीच नेमलेल्या समितीने सांगितले, की ही रक्कम अपुरी आहे, शंभर कोटींचे उद्दिष्ट धरा. रकमेवर वाद होईल, आणि झालाही. मला यातले महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीची वही उघडली आणि त्यात जे सापडले ते लोकांपुढे ठेवले. आपले तुकोबा सावकारी घरात जन्मले होते, आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. वही उघडी करणे आणि खत बुडवणे, दोन्हींसाठी एकच धैर्य लागते.

आता शेवटी तिसऱ्या थैलीकडे येतो, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाकडे. कोणी म्हणेल, आम्ही कोठले भांडवलदार? परंतु १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला, आणि आज कोट्यवधी कामगारांच्या पगारातून दरमहा बारा टक्के त्यात जातात. त्याचा मोठा भाग सरकारी रोख्यांत व कर्जरोख्यांत असतो. पण ऑगस्ट २०१५ पासून नव्या रकमेचा एक हिस्सा शेअरबाजारातही जाऊ लागला. आधी पाच टक्के, मग दहा, मग पंधरा. हा पैसा निर्देशांकाप्रमाणे गुंततो. म्हणजे निर्देशांकात जी कंपनी असेल तिचा वाटा आपोआप आपल्या नावे होतो, मग ती सिगारेट करो की कोळसा काढो. निर्देशांक बाजारातील किंमत पाहतो, विहिरीचे पाणी पाहत नाही. तेव्हा असेही होऊ शकते, की ज्या कारखान्याच्या धुराने एखाद्या कामगाराचा दमा वाढला, त्याच कारखान्याचा सूक्ष्म भागीदार तो स्वतःच असावा.

युनियनच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा एका जुन्या सभासदाने विचारले, “दादा, ते सगळे खरे, पण व्याज कमी होणार नाही ना?” प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ सालासाठी व्याज ८.२५ टक्के होते, आणि ज्याच्या म्हातारपणाचा तेवढाच आधार आहे, त्याला अर्ध्या टक्क्याची नीती शिकवायला मी जाणार नाही. कामगाराची पुंजी ही प्रथम त्याची भाकरी आहे. पण व्याज न गमावताही करण्यासारखे पुष्कळ आहे. फंडाच्या विश्वस्त मंडळावर सरकार आणि मालक यांच्याबरोबर कामगारांचे प्रतिनिधीही बसतात. शेअर ज्या म्युच्युअल फंडांच्या हाती आहेत, त्यांनी भागधारकांच्या सभेत प्रत्येक ठरावावर मत दिलेच पाहिजे आणि ते जाहीर केले पाहिजे, असे बंधन सेबीने २०२२ पासून घातले आहे. मोठ्या एक हजार नोंदलेल्या कंपन्यांना पर्यावरण, पाणी, अपघात, वेतन यांचा अहवाल २०२२-२३ पासून द्यावा लागतो. म्हणजे माहिती आहे, मत आहे आणि प्रतिनिधीही आहे. नाही ती फक्त आपली विचारणा. कामगार प्रतिनिधीने मंडळात एवढेच विचारावे: आमच्या नावाचे मत कोठे पडले?

जे कामगार नाहीत, त्यांच्यासाठीही वाट आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला १९९७ साली बायकांनी स्वतःची माणदेशी बँक काढली. निरक्षर बायकांच्या अर्जाला आधी नकार मिळाला होता, तेव्हा त्यांनी साक्षर होऊन पुन्हा परवानगी मागितली. त्याआधी १९७४ साली अहमदाबादेत भाजीवाल्या, विडीवाल्या, चिंध्यावाल्यांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक उभी केली, आणि ती एका कामगार संघटनेच्या कुशीत जन्मली याचा मला अभिमान वाटतो. पैसा कोणाला कर्जाऊ जातो हे जेथे ठेवीदाराला ठाऊक असते, तेथे निम्मी नीती आपोआप सांभाळली जाते. तुमची बँक, तुमची पतपेढी, तुमचा साखर कारखाना यांच्या वार्षिक सभेला जाता ना? नुसता चहा घेऊन परत येऊ नका. आपल्या ठेवीवर कोणते धंदे चालतात आणि कारखान्याची मळी कोणत्या ओढ्यात जाते, हे विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आजच्या विवेचनाचा मथितार्थ मी चार वाक्यांत सांगतो. नुकसान आधी थांबले पाहिजे. चालू पापाचे प्रायश्चित्त होत नाही. भरपाई ज्याने नुकसान केले त्याच्या खिशातून झाली पाहिजे, आणि उशीर झाला तर चक्रवाढीने. जी संपत्ती पुन्हा येणार नाही तिचे मूळ अखंड राहिले पाहिजे आणि हिशेब उघडा असला पाहिजे. आणि या सगळ्या ठिकाणी ज्यांची विहीर नासली, ज्यांचे शेत गेले, ज्यांची रोजी बुडाली ते बसलेले असले पाहिजेत. या चार अटी पाळल्या, तर पैसा गुंतवून झालेले नुकसान काही अंशी भरून काढता येते, असे माझे मत आहे. सगळे भरून येत नाही. गेलेला माणूस परत येत नाही आणि कापलेला डोंगर उगवत नाही. म्हणूनच प्रायश्चित्ताची वेळ येणार नाही असा धंदा करणे हेच अखेर स्वस्त पडते, आणि हे मालकांना पटवून देण्याचे काम युनियनने नेटाने चालू ठेवले पाहिजे.

 शंका असतील त्या अवश्य विचारा. मला येतील त्यांची उत्तरे देईन, आणि येणार नाहीत ती शोधून पुढच्या वसंतात सांगेन.